लांब केबलमधून माईकचा आवाज स्वच्छ कसा पोचतो

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या असल्या की निवेदक आखाड्याच्या कडेला उभा असतो, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र लोकांच्या पायाखाली येणार नाहीत अशा कोरड्या जागी, बऱ्याच अंतरावर मांडलेले असतात, आणि या दोहोंमधले पन्नास-साठ मीटरचे अंतर करंगळीहून बारीक अशी एक केबल पार करते. वाटेत तिला दिव्यांच्या वायरी आडव्या येतात, जनरेटरची जाड केबल शेजारून धावते, कुठे डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे उपकरण) असतो तर कुठे एलईडी पडद्याचा पॉवर सप्लाय असतो. पेठेतल्या गणेश मंडळाच्या मांडवातही हीच परिस्थिती असते, फक्त तेथे वर पाऊसही असतो. इतके सगळे असूनही एका ठिकाणी निवेदकाचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याखाली सतत एक ‘घूंऽऽ’ चालू राहते. अशा वेळी साउंडवाले ‘हमिंग येतंय’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा दोष केबलच्या किमतीला दिला जातो. माझ्या मते किमतीचा प्रश्न दुय्यम आहे. केबलच्या आत असलेल्या दोन तारा माईकपासून मिक्सरपर्यंत सर्व बाबतींत एकमेकींच्या बरोबरीच्या राहिल्या आहेत की नाहीत, यावर आवाजाची स्वच्छता ठरते. ही बरोबरी कशी काम करते आणि कोठे बिघडते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम माईकमधून निघणारा विद्युत संकेत किती क्षीण असतो ते पाहू. भजनात, सभेत आणि निवेदनात वापरल्या जाणाऱ्या साध्या डायनॅमिक माईकमध्ये एका पातळ पडद्याला तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. आवाजाने पडदा हलला की ती गुंडाळी चुंबकाच्या फटीत पुढे-मागे होते आणि तीत वीज निर्माण होते. तोंड माईकजवळ धरून खणखणीत आवाजात बोलल्यास, म्हणजे माईकपाशी आवाजाची पातळी सुमारे ९४ डेसिबल असताना, ही वीज जेमतेम दीड ते दोन मिलिव्होल्ट भरते. मिक्सरमधून पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा व्यावसायिक संकेत मात्र सुमारे १.२३ व्होल्टचा असतो. याचा अर्थ असा की मिक्सरच्या पहिल्याच टप्प्यात माईकचा संकेत सहाशे पटींहून अधिक वाढवावा लागतो, आणि वक्ता हळू बोलणारा असेल तर त्याहूनही जास्त. वाढवणाऱ्या सर्किटला माणसाचा आवाज कोणता आणि वाटेत शिरलेला व्यत्यय कोणता, हे कळत नाही. केबलमध्ये एक मिलिव्होल्टचा व्यत्यय शिरला असेल तर तोही अर्ध्या व्होल्टाच्या पुढे जातो. ज्या वायरीच्या शेजारून ही केबल जाते तिच्यात २३० व्होल्ट खेळत असतात, म्हणजे माईकच्या संकेताच्या एक लाखाहून अधिक पट. हे प्रमाण लक्षात घेतले तर हमिंग येते याचे आश्चर्य वाटत नाही. ते येत नाही हेच खरे कौतुकाचे आहे.

व्यत्यय केबलमध्ये शिरतो तो मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट विद्युत क्षेत्राची आहे. व्होल्टेज असलेली कोणतीही वायर आणि तिच्या जवळची माईकची तार मिळून नकळत एक अगदी लहान कपॅसिटर (विद्युतभार साठवणारी रचना) तयार होतो आणि त्यातून थोडासा प्रवाह झिरपतो. दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची. वायरीतून करंट वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, आपल्या विजेत ते सेकंदाला ५० आवर्तने करीत बदलते, आणि त्या क्षेत्रात सापडलेल्या तारेच्या प्रत्येक वेढ्यात व्होल्टेज निर्माण करते. दिवे डिमरवर असतील तर डिमर विजेची लाट मध्येच कापतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या जाड घुमण्याबरोबर त्याच्या वरच्या पट्टीतले कितीतरी चिरके सूर मिसळतात आणि कानाला जास्त टोचतात. याखेरीज रेडिओ लहरी असतात. जुन्या टू-जी पद्धतीचा मोबाईल माईकच्या केबलजवळ ठेवला की फोन येण्याआधी स्पीकरमधून ‘टर्र टर्र’ असा आवाज येई, तो त्या फोनच्या सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होणाऱ्या प्रक्षेपणाचा असे.

यांपैकी विद्युत क्षेत्राचा बंदोबस्त तुलनेने सोपा आहे. आतल्या तारांभोवती तांब्याच्या केसांएवढ्या बारीक तारांची जाळी किंवा धातूचा पातळ पत्रा गुंडाळतात, त्याला शील्ड म्हणतात. झिरपणारा प्रवाह या शील्डवरच अडतो आणि ग्राउंडकडे निघून जातो. पत्र्याचे शील्ड आतल्या तारा पूर्णपणे झाकते, परंतु केबल रोज गुंडाळली आणि उलगडली की ते फाटते. म्हणून भिंतीत कायमची बसवायची केबल पत्र्याची चालते, मांडवात रोज अंथरायची केबल मात्र विणलेल्या जाळीचीच असावी.

चुंबकीय क्षेत्राच्या बाबतीत शील्डचा उपयोग होत नाही, आणि ही गोष्ट पुष्कळ अनुभवी माणसांच्याही लक्षात नसते. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ जाळीतून जवळजवळ जसेच्या तसे आरपार जाते. शील्ड दुप्पट जाड केले तरी विशेष फरक पडत नाही. येथे उपयोगी पडते ती आतल्या दोन तारांची एकमेकींभोवती पिळलेली जोडी. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या पिळलेल्या जोडीचे पेटंट १८८१ मध्ये घेतले होते. पीळ दिल्यामुळे पहिल्या अर्ध्या फेऱ्यात जी तार जनरेटरच्या केबलच्या बाजूला असते ती पुढच्या अर्ध्या फेऱ्यात पलीकडे जाते आणि दुसरी तार अलीकडे येते. लागोपाठच्या दोन वेढ्यांत निर्माण होणारे व्होल्टेज परस्परविरुद्ध दिशेचे असल्याने ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि पूर्ण लांबीचा हिशेब केला तर दोन्ही तारांवर व्यत्यय सारखाच पडलेला असतो. दोन जोड्यांची, म्हणजे चार तारांची ‘स्टार क्वाड’ केबलही मिळते, तिच्यात ही समानता आणखी काटेकोर असते. ट्रान्सफॉर्मर किंवा डिमरच्या अगदी जवळून जाणे टाळताच येत नसेल तर तिचा खर्च सार्थकी लागतो.

मात्र दोन्ही तारांवर सारखा व्यत्यय पडणे म्हणजे व्यत्यय नाहीसा होणे नव्हे. तो दूर करण्याचे काम मिक्सरच्या माईक इनपुटमध्ये होते. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा तोलणाऱ्या तागडीच्या दोन्ही पारड्यांवर सारखीच धूळ बसली तर काटा हलत नाही. काटा हलतो तो फक्त दोन पारड्यांतल्या वजनाच्या फरकाने. मिक्सरचे बॅलन्स्ड इनपुट, मग त्यात ट्रान्सफॉर्मर असो की इलेक्ट्रॉनिक सर्किट, असेच वागते. एका तारेवरच्या व्होल्टेजमधून ते दुसऱ्या तारेवरचे व्होल्टेज वजा करते आणि केवळ फरक पुढे पाठवते. माईकचा संकेत हा दोन तारांमधला फरक असतो, म्हणून तो पुढे जातो. दोन्ही तारांवर सारखा पडलेला व्यत्यय वजाबाकीत शून्य होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो या विषयावरच्या बहुतेक लेखांत आढळतो. असे सांगितले जाते की एका तारेतून सरळ संकेत जातो, दुसरीतून त्याचाच उलटा संकेत जातो, आणि म्हणून व्यत्यय कटतो. उलटा संकेत असल्याने मिळणारा संकेत दुप्पट होतो हे खरे, परंतु व्यत्यय कटण्याशी त्याचा संबंध नाही. काही कंडेन्सर माईक (ज्यांना चालण्यासाठी बाहेरून वीज द्यावी लागते असे माईक) एकाच तारेवर संकेत देतात आणि दुसरी तार तेवढ्याच ओहमच्या अवरोधामार्फत ग्राउंडला जोडलेली असते. तरीही त्यांचा व्यत्यय तितकाच चांगला कटतो. आवश्यक असते ती इतकीच अट, की माईकच्या टोकाकडे आणि मिक्सरच्या टोकाकडे पाहता ग्राउंडच्या तुलनेत दोन्ही तारांचा अवरोध, म्हणजे इम्पिडन्स, सारखा असावा. तो सारखा असला तरच व्यत्यय दोन्ही तारांवर सारख्या प्रमाणात बसतो, आणि सारखा बसला तरच तो वजाबाकीत जातो.

ही अट किती नाजूक आहे, हे आकड्यांत पाहू. समजा, एका कंडेन्सर माईकच्या प्रत्येक तारेमागे १०० ओहमचा अवरोध आहे आणि मिक्सरच्या बाजूला प्रत्येक तार ६,८०० ओहममधून ग्राउंडकडे जाते (फँटम पॉवरसाठी, म्हणजे याच तारांतून माईकला वीज देण्यासाठी, मिक्सरमध्ये असेच दोन रोध बसवलेले असतात). दोन्ही तारांवर १०० मिलिव्होल्टचा सारखा व्यत्यय आला आणि सर्व जोड निर्दोष असतील, तर तो जवळजवळ पूर्ण कटेल. आता एकाच तारेच्या सोल्डरच्या जोडात केवळ १० ओहमचा जादा अवरोध आला असे धरा. गणित केले तर दोन तारांवरच्या व्यत्ययात सुमारे सातशेव्या भागाएवढा फरक पडतो, म्हणजे १०० मिलिव्होल्टपैकी सुमारे ०.१४ मिलिव्होल्ट व्यत्यय आता फरक म्हणून आत शिरतो. माईकचा संकेत दोन मिलिव्होल्टचा धरला तर हा त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढा झाला, आणि वक्ता श्वास घेण्यासाठी थांबला की तो स्पष्ट ऐकू येतो. डायनॅमिक माईकची गुंडाळी ग्राउंडला कोठेही टेकलेली नसल्याने तो अशा दोषांच्या बाबतीत अधिक सोशिक असतो, आणि तोच जोड एका माईकला त्रास देतो व दुसऱ्याला देत नाही या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

म्हणून हमिंग आले की मी सर्वप्रथम कनेक्टर उघडायला सांगतो. माईकच्या केबलला जो गोल, तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर असतो, त्यात पिन १ ला शील्ड, पिन २ ला सरळ संकेताची तार आणि पिन ३ ला उलट संकेताची तार जोडायची असते. कनेक्टरचे मागचे टोपण फिरवून काढले की जोड दिसतात. चांगल्या शिसे-कथिलाच्या सोल्डरचा डाग गुळगुळीत आणि चमकदार असतो; मळकट, दाणेदार आणि नुसता टेकवल्यासारखा दिसणारा डाग असेल तर तो पुन्हा गरम करून, थोडे नवे सोल्डर देऊन नीट बसवावा. शील्डच्या जाळीतली केसाएवढी एखादी तार सुटून पिन ३ कडे वाकलेली असते. ती टेकली की एक पारडे जमिनीलाच टेकले आणि सगळी बरोबरी संपली. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने आतल्या तारेचे प्लास्टिक वितळून मागे सरकलेले आहे का, तेही पाहावे. केबल ओढली गेल्यावर ताण बाहेरच्या जाड आवरणावर यावा यासाठी मागे एक पकड दिलेली असते. पुष्कळ ठिकाणी ती आतल्या तारांवरच आवळलेली आढळते, आणि मग चार कार्यक्रमांत तार आतल्या आत तुटते. आणखी एक काळजी म्हणजे कनेक्टरचे धातूचे कवच पिन १ ला जोडू नये, कारण ते लोखंडी ट्रसला किंवा व्यासपीठाच्या पाइपला टेकले की शील्डला एक अनाहूत ग्राउंड मिळते.

केबल मल्टिमीटरने तपासताना बहुतेक जण बीप वाजली की समाधान मानतात. बीपचे सेटिंग साधारण काही दहा ओहमपर्यंतच्या जोडालाही ‘चांगले’ ठरवते, त्यामुळे वर सांगितलेला १० ओहमचा दोष त्यात सापडत नाही. त्याऐवजी मीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवून पिन २ पासून पिन २ पर्यंत आणि पिन ३ पासून पिन ३ पर्यंत असे दोन आकडे घ्यावेत. माईक केबलमध्ये नेहमी वापरली जाणारी बारीक तार ३० मीटर लांब असली तर तिचा रोध अडीच ओहमच्या आसपास येतो. तो थोडा कमी-जास्त असला तरी चालतो, दोन्ही आकडे मात्र जुळले पाहिजेत. मोजत असताना कनेक्टरजवळ केबल हलकेच वाकवून पाहावी, कारण अर्धवट तुटलेली तार सरळ स्थितीत जुळलेली असते. पावसात भिजलेला कनेक्टर वाळवल्याशिवाय लावू नये, पिनांमधल्या ओलाव्यातूनही एका तारेवर जास्त आणि दुसरीवर कमी अशी गळती होते आणि फँटम चालू असेल तर खरखर सुरू होते.

या सर्व खटाटोपावर पाणी फिरवणारी एक वस्तू प्रत्येक साउंडवाल्याच्या पेटीत असते, आणि ती म्हणजे एक्सएलआरला पाव इंची, दोन संपर्कांचा जॅक जोडलेली लीड. या लीडमध्ये पिन ३ सरळ शील्डला जोडलेली असते. केबल कितीही उत्तम असली, तिच्यात दोन पिळलेल्या तारा असल्या, तरी या जॅकपाशी एक तार ग्राउंड होते आणि वजाबाकीला काही उरत नाही. शील्डवर आलेला प्रत्येक व्यत्यय थेट संकेतात मिसळतो. दोन-तीन मीटरसाठी हे खपून जाते, पन्नास मीटरसाठी नाही. ज्या लहान अ‍ॅम्प्लिफायरला केवळ असेच इनपुट असते, त्याच्यासाठी लांब केबल बॅलन्स्ड ठेवून अगदी अ‍ॅम्प्लिफायरजवळ एक माईक ट्रान्सफॉर्मर लावणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

केबलची लांबी वाढली की व्यत्ययाबरोबरच आवाजातली धार कमी होण्याचा धोकाही असतो, आणि येथेही माईकचा इम्पिडन्स निर्णायक ठरतो. माईक केबलच्या दर मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो असे धरू. जुन्या पद्धतीच्या ५०,००० ओहमच्या हाय इम्पिडन्स माईकला १० मीटर केबल लावली की ३,२०० हर्ट्झच्या आसपासपासूनच वरचे सूर गळू लागतात, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने बोथट होतात. तीच गोष्ट २०० ओहमच्या लो इम्पिडन्स माईकची पाहिली तर १०० मीटर केबल लावूनही ही मर्यादा ८०,००० हर्ट्झच्या जवळ राहते, म्हणजे मनुष्याला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्झच्या कितीतरी पलीकडे. म्हणून योग्य माईकसाठी शंभर मीटर हे अंतर मोठे नाही.

केबल कोठून न्यायची, याचाही विचार करावा. वीज नेणाऱ्या आणि आणणाऱ्या तारा शेजारी-शेजारी असतील तर त्यांचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. माईकची केबल दुप्पट दूर नेली की क्षेत्र एक चतुर्थांश होते. हातभर अंतर सोडण्यानेही मोठा फरक पडतो तो यामुळेच. मांडवात कधी कधी फेजची वायर एका खांबावरून आणि न्यूट्रल दुसऱ्याच बाजूने नेलेली असते, तेव्हा त्या दोहोंमधला सगळा भाग म्हणजे एक प्रचंड वेढा होतो आणि त्यातून जाणारी माईक केबल हमिंग घेतेच. विजेच्या केबलला ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे, समांतर धावू नये.

काही हमिंग केबलमुळे येतच नाही, ते ग्राउंड लूपमुळे येते. सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे व्हिडिओ शूटिंगवाल्यांना मिक्सरमधून ऑडिओ दिला जातो. मिक्सर एका बोर्डावर चालतो, व्हिडिओचे साहित्य मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, आणि दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. ऑडिओ केबलचे शील्ड या दोन अर्थिंगना जोडते आणि त्यातून करंट वाहू लागतो. चांगल्या उपकरणात शील्ड आत शिरताच धातूच्या पेटीला जोडलेले असते आणि हा करंट बाहेरच्या बाहेर जातो. सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले असेल तर तो संकेताच्या वाटेत शिरतो. नील मन्सी या ध्वनी अभियंत्याने १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा दोष तपशिलाने मांडला आणि तेव्हापासून तो ‘पिन १ ची समस्या’ म्हणून ओळखला जातो. त्यावरचा उपाय ऑडिओच्या वाटेतच करावा, म्हणजे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा किंवा डीआय बॉक्सवरचा (संकेत बॅलन्स्ड करून देणाऱ्या छोट्या पेटीवरचा) ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे शील्डची जोडणी तोडणारा, स्विच वापरावा.

तीन पिनांच्या प्लगातली अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय कोणीही, कधीही करू नये. हमिंग जाते म्हणून हा प्रकार सर्रास केला जातो, आणि त्याबद्दल मला मनापासून चिंता वाटते. माईकचे धातूचे अंग शील्डमार्फत मिक्सरच्या पेटीला जोडलेले असते. मिक्सरमध्ये बिघाड होऊन पेटीत फेज आली आणि अर्थिंग काढलेले असेल, तर तो करंट ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या गायकाच्या हातातून आणि ओठांतून जाण्याची वाट पाहत असतो. काही दहा मिलिअँपिअरचा प्रवाहही जीव घेऊ शकतो. भाद्रपदातल्या कोल्हापूरच्या पावसात, चिखलात उभ्या असलेल्या मांडवात ही शक्यता दूरची नाही. साउंडच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट केलेले अर्थिंग असणे, ही केबल आणि माईक विकत घेण्याच्या आधीची गरज आहे.

कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही याच बरोबरीवर चालते. पिन २ आणि पिन ३ या दोन्हींवर ६,८०० ओहममधून सारखेच व्होल्टेज दिले जाते. दोहोंमध्ये फरक नसल्याने ते आवाजात उतरत नाही आणि नीट बॅलन्स्ड डायनॅमिक माईकलाही अपाय करीत नाही. एखादी तार शील्डला टेकलेली असेल, तर मात्र फँटमचे बटण दाबताच डायनॅमिक माईकच्या गुंडाळीतून करंट वाहतो आणि जोराचा धक्का ऐकू येतो, हेही दोष ओळखण्याचे एक लक्षण आहे.

अलीकडे मोठ्या कार्यक्रमांत व्यासपीठाजवळच डिजिटल स्टेज बॉक्स ठेवतात. तो माईकचा संकेत जागेवरच वाढवतो, आकड्यांत बदलतो आणि संगणकाच्या जाळ्याला वापरतात तशा केबलमधून १०० मीटरपर्यंत पाठवतो. या केबलमध्येही पिळलेल्या जोड्याच असतात आणि पलीकडच्या टोकाला फरकच मोजला जातो. लांब वाटेवरचा हमिंगचा प्रश्न त्याने बराचसा मिटतो. माईकपासून स्टेज बॉक्सपर्यंतची पाच-दहा मीटरची केबल मात्र पूर्वीसारखीच असते, दोन तारांची, शील्डची, तीन पिनांच्या कनेक्टरची, आणि तिचे जोड मल्टिमीटरने तसेच तपासावे लागतात.